लडाखच्या कार्यक्रमपत्रकात मुक्कामाची उंचीही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की पर्यटन पुरवण्यांमध्ये लडाखच्या मोटारसायकल सहलींच्या जाहिराती दिसू लागतात. ‘मनाली ते लेह, सात रात्री आठ दिवस’ अशा धर्तीचे कार्यक्रम असतात. प्रत्येक दिवसापुढे किलोमीटर दिलेले असतात, नाश्त्याला काय मिळेल तेही असते. एक आकडा मात्र नसतो, तो म्हणजे त्या रात्री आपण किती मीटर उंचीवर झोपणार. मोटारसायकलवरून लडाखला जाणाऱ्याच्या जिवाशी सर्वांत जवळचा संबंध याच आकड्याचा आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. दर मोसमात पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून तरुण मुले-मुली जातात, आता पन्नाशी ओलांडलेली मंडळीही जातात. गाडीवर, जॅकेटवर, कॅमेऱ्यावर मनापासून खर्च करतात. काटकसर होते ती दिवसांची, कारण रजा मिळत नाही.

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी ३,५०० मीटरवर वसलेले लेह शहर वरच राहते. मनालीच्या वाटेवरची तांगलांग ला ही खिंड (तिकडे ‘ला’ म्हणजेच खिंड) ५,३२८ मीटरवर आहे. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. या उंचीचा सराव सह्याद्रीत होऊच शकत नाही. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो, आणि अनेकदा त्यालाच आधी होतो, कारण तो अंगातल्या ताकदीवर विसंबून घाई करतो. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला रात्री लागतात, आणि त्या रात्री कुठे काढायच्या हे निघण्यापूर्वी कागदावर ठरवावे लागते.

डॉक्टरांनी सांगितलेला नियम सोपा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत साधारण ५०० मीटरहून जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दिवसा खिंड ओलांडून वर जाऊन आलात तर चालते, झोपायला मात्र खाली यावे. हा नियम मनाली-लेहच्या ठरीव कार्यक्रमाला लावून पाहा. मनाली २,०५० मीटर. पहिली रात्र केलाँग किंवा जिस्पा, म्हणजे ३,१०० ते ३,२०० मीटर. दुसरी रात्र सरचूच्या तंबूत, ४,२९० मीटरवर. एका रात्रीत अकराशे मीटरची उडी झाली.

सरचूची खरी अडचण याहूनही मोठी आहे आणि ती नकाशाकडे नीट पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. उंचीचा त्रास वाढला की खात्रीचा उपाय एकच, लगेच खाली उतरणे. पण सरचूहून मनालीकडे परतायचे तर आधी ४,८९० मीटरची बारालाचा ला चढावी लागते, आणि लेहकडे जायचे तर गाटा लूप्सची एकवीस वळणे चढून नकी ला आणि मग ५,०५९ मीटरची लाचुंग ला. पुढे पांग येथे मुक्काम केला तरी तीच गत, एका बाजूला लाचुंग ला, दुसऱ्या बाजूला तांगलांग ला. म्हणजे रात्री दोन वाजता तंबूत कुणाला धाप लागली तर खाली नेण्यासाठी आधी वर न्यावे लागते. संपूर्ण वाटेवर रात्र काढायला सर्वांत वाईट जागा याच दोन, आणि बहुतेक कार्यक्रमांत मुक्काम नेमका इथेच असतो, कारण अंतराच्या हिशेबाने त्या बरोबर मध्यावर येतात.

म्हणून आग्रहाचे सांगणे असे की लेहला जाताना श्रीनगरच्या बाजूने जावे आणि मनालीच्या बाजूने परतावे. श्रीनगर १,५८५ मीटर, सोनमर्ग पावणेतीन हजारांच्या आसपास, जोजी ला ओलांडून कारगिल २,६७६, मग फोटू ला ओलांडून लेह ३,५००. वाटेत ४,१०० मीटर पार केले तरी झोप प्रत्येक वेळी खालीच होते. लेहला पोहोचल्यावर दोन पूर्ण दिवस थांबावे. या दोन दिवसांत गाडीची तपासणी, परवान्याची कामे आणि गावातच फेरफटका. खारदुंग ला गाठायची घाई नको. त्यानंतर आधी नुब्रा, कारण डिस्किट-हुंदर लेहपेक्षाही खाली आहेत, आणि मग पँगाँग, हानले, त्सो मोरीरी. हे तिन्ही मुक्काम सव्वाचार हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर आहेत. ५,७९८ मीटरची उमलिंग ला हानलेत एक-दोन रात्री काढल्यावरच करावी. एवढे सगळे जम्मूपासून मनालीपर्यंत करायचे तर सोळा-सतरा दिवस लागतात. दहाच दिवस असतील तर हानले आणि उमलिंग ला या वर्षी सोडून द्यावे.

ज्यांना मनालीहूनच चढायचे आहे त्यांनी जिस्पाला दोन रात्री काढाव्यात. मधल्या दिवशी दीपक ताल किंवा जमल्यास सूरज तालपर्यंत जाऊन परत यावे. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघून सुमारे ३३० किलोमीटर कापून थेट लेह गाठावे. दिवस फार मोठा होतो, पण झोप ३,२०० वरून ३,५०० वर जाते, मधे कुठे ४,२९० येत नाही. विमानाने लेहला उतरून तिथे गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी तर पहिले ४८ तास गाडीला हातही लावू नये.

लक्षणांबद्दल गटातल्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी सांगून ठेवावे, कारण ज्याला त्रास होतो तो बहुधा लपवतो. डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही सुरुवात. या अवस्थेत वर जायचे नाही, आहे तिथेच थांबायचे. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस किंवा लालसर थुंकी येणे म्हणजे फुप्फुसात पाणी झाले आहे. बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणे म्हणजे मेंदूला सूज. शंका आली तर जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला चवडा लावत दहा पावले चालायला सांगावे. जमले नाही तर सकाळची वाट न पाहता खाली न्यावे, आणि त्या माणसाला स्वतः गाडी चालवू देऊ नये. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असावा, पण गार बोटावर तो चुकीचे सांगतो आणि लेहमध्ये पहिल्या दिवशी निरोगी माणसालाही ऐंशीच्या घरातला आकडा दिसतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे.

डायमॉक्सची गोळी उंचीच्या त्रासाला प्रतिबंध म्हणून साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी सांगावे, आणि गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते हे माहीत असावे. दहा लिटरचा ऑक्सिजनचा हलका डबा अनेक जण मोठ्या विश्वासाने नेतात. मिनिटाला दोन लिटर सोडला तर तो पाच मिनिटांत संपतो. त्याच्या भरवशावर सरचूला रात्र काढू नये. लेहमध्ये सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय आहे. तिथे रोज हेच रुग्ण पाहिले जातात, जायला संकोच नको.

आता गाडी. ज्या गाडीवर रोज ऑफिसला जाता ती बहुतेक वेळा पुरते. दोनशे सीसीच्या गाड्याही या वाटेने व्यवस्थित जातात. पाच हजार मीटरवर कुठल्याही इंजिनाची ताकद साठ टक्क्यांच्या आसपास उरते. इंजेक्शनची गाडी पेट्रोलचे प्रमाण स्वतः जुळवून घेते, पण नसलेली हवा तीही आणू शकत नाही. एकट्याने, बेताचे सामान घेऊन जाणाऱ्याला हे जाणवतही नाही. डबलसीट आणि वर चाळीस किलो सामान असेल तर तीव्र वळणावर गाडी पहिल्यातही रडते, मग चालवणारा अर्धा क्लच दाबून ओढत राहतो आणि क्लच प्लेट जळतात. जळका वास आला म्हणजे प्लेट गेल्याच, असे नाही. थांबावे, अर्धा तास गार होऊ द्यावे, मागच्याला त्या वळणापुरते चालत यायला सांगावे आणि क्लच पूर्ण सोडूनच चढावे. गटात सगळ्यांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या असतील तर क्लच प्लेटचा एक संच, एक लिव्हर जोडी, एक प्लग सगळ्यांना पुरतो. चार जण चार वेगळ्या गाड्यांवर निघाले तर सुट्या भागांची पिशवीही चौपट होते.

निघण्याच्या महिनाभर आधी काय करावे? टायर निम्म्याहून जास्त झिजला असेल तर बदलावा. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली की हजारभर किलोमीटरांत तीही खराब होते. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर काढून टाकावे, कारण ते हवेतला ओलावा शोषते आणि लांब उतारावर तापून उकळले की लिव्हर हँडलपर्यंत दबते, ब्रेक लागत नाही. ब्रेक पॅड नवे घालावेत आणि जुने, थोडे उरलेले, सोबत न्यावेत. चाकाचे बेअरिंग आणि हँडलचा कोनसेट हाताने हलवून तपासावा. इंजिन ऑइल निघताना आणि परतताना बदलावे. घरापासूनच गाडीवर निघणाऱ्यांनी लेहमध्येही. नवे भाग घातल्यावर पूर्ण सामान लादून पाचशे किलोमीटरची फेरी करावी, आंबेनळी किंवा वरंधा घाट त्यासाठी उत्तम. परत आल्यावर प्रत्येक नट पुन्हा आवळावा. सामानाची जाळी बसवलेल्या बोल्टना निळे थ्रेडलॉक लावावे. जाळी तुटते ती जोडावरच, कारण सामान मागे लोंबते आणि प्रत्येक खड्ड्यात जोडावर हिसका बसतो. हत्यारे, ट्यूब, पाणी असे जड सामान खाली आणि पुढे, कपडे मागे. रबरी दोऱ्यांऐवजी बकलाचे पट्टे वापरावेत.

क्लच वायरबद्दल मुद्दाम लिहितो, कारण ही शंभरेक रुपयांची वस्तू लाखांची सहल थांबवते. लिव्हरपाशी वायरच्या टोकाला धातूची गोळी असते. लिव्हर काढून ती बाहेर ओढून पाहावी. गोळीच्या लगत एक-दोन बारीक तारा तुटून केसांसारख्या पसरलेल्या दिसल्या तर ती वायर बदलण्याच्या लायकीची झाली. नवी वायर पिशवीत ठेवू नये. जुनीच्याच वाटेने, टाकीखालून, शेजारी ओढून घ्यावी, दोन्ही टोकांना थोडे ग्रीस लावून प्लास्टिक गुंडाळावे आणि केबल टायने जुनीलाच बांधून ठेवावी. तुटली तर दोन्ही टोके बदलायची, टाकी काढावी लागत नाही. मोकळ्या जागी, हात गारठलेले असताना टाकी उचलायला लागणे आणि न लागणे यात दीड तासाचा फरक आहे.

पेट्रोलचा हिशेब मनालीच्या वाटेवर टांडीच्या पंपावर होतो. ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही तिथली पाटी प्रसिद्ध आहे.  लिटरला २५ किलोमीटर धरले तर १४.६ लिटर लागते. पंधरा लिटरची टाकी हिशेबाने पुरते, पण चढ, उलटा वारा, रस्ता बंद असल्याने परत फिरणे, यात काहीही झाले तर पुरत नाही. तेरा लिटरच्या टाकीवाल्याने तर विचारही करू नये. मधे कुठे पंप उघडला असेल असे धरून निघू नये. डोंगरातला पंप टँकर अडकला तरी कोरडा असतो. प्रत्येक गाडीमागे पाच लिटरचा, पेट्रोलसाठीच बनवलेला धातूचा किंवा जाड प्लास्टिकचा कॅन घ्यावा. पाण्याच्या बाटल्या चालत नाहीत, त्या उंचीवर फुगून झाकणातून गळतात. कॅनही नव्वद टक्केच भरावा, झाकण हळू उघडावे, सायलेन्सरच्या दुसऱ्या बाजूला बांधावा आणि टाकीत पाच लिटरची जागा झाली की लगेच त्यात ओतून टाकावा.

टायरमधल्या हवेबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवते. मुंबईत तीस अंशांना २८ पीएसआय भरलेला टायर तसाच पाच हजार मीटरवर नेला तर केवळ बाहेरचा दाब घटल्याने गेज ३५ च्या जवळ दाखवेल. तिथे तापमान शून्यावर असेल तर थंडीने चारेक पीएसआय उतरून ३१ दिसेल. खडीवर आणि वाळूवर हवा थोडी कमी ठेवणे योग्यच आहे, पण फार उतरवली तर टोकदार दगडावर रिम ट्यूबला चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोके एकदम पडतात. आणि वर उतरवलेली हवा मनालीत परत भरायला लोक विसरतात. खाली आल्यावर तोच टायर मऊ पडतो, महामार्गावर ऐंशीच्या वेगाने बाजूने तापतो आणि फुटतो. म्हणून स्वतःचे गेज जवळ ठेवावे, रोज सकाळी निघण्यापूर्वी गार टायरवर मोजावे.

आरे असलेल्या चाकांत बहुधा ट्यूब असते आणि ट्यूबचे पंक्चर स्वतःला काढता आलेच पाहिजे. घरासमोर, सावलीत, दोनदा काढून पाहावे. तीन टायर लिव्हर, पुढची आणि मागची एकेक ट्यूब, पॅच, सोल्युशन, सँडपेपर आणि पंप. बॅटरीवर चालणारा पंप सोयीचा, पण सोबत पायाचा पंपही असावा. ट्यूब एकच नेता आली तर पुढच्या २१ इंची चाकाची न्यावी; अडचणीत ती मागच्या १७ किंवा १८ इंची चाकात दुमडून बसते, उलटे होत नाही. ट्यूब बाहेर काढल्यावर टायरच्या आतून बोटे सावकाश फिरवावीत. खिळा किंवा तार आतच राहिली तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत जाते. पॅच लावताना सोल्युशन बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे. थंडीत त्याला पाचाची दहा मिनिटे लागतात आणि तेवढ्यात वाऱ्याने धूळ बसते, म्हणून जॅकेटचा आडोसा करावा. घरी पॅच लावलेल्या ट्यूबपेक्षा वाटेत सरळ नवी ट्यूब घालावी आणि जुनी मुक्कामी जाऊन दुरुस्त करावी.

बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला आकार द्यावा म्हणजे ती लिव्हरखाली सापडत नाही. टायरची समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून ठेवावी, शेवटचा भाग व्हॉल्व्हजवळ येऊ द्यावा आणि तो हातांनीच ढकलावा. जोर लावावा लागत असेल तर समोरची कड वर आलेली असते, लिव्हर आणखी दाबून उपयोग नाही. दुसरे पंक्चर बहुतेक वेळा याच शेवटच्या जोरात होते. व्हॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळू नये, थोडा मोकळा ठेवावा. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका होऊन आपल्याला दिसतो. घट्ट असेल तर मुळापासून उखडतो आणि ती ट्यूब गेली. आणि या उंचीवर टायर काढताना धाप लागते, तेव्हा दोघांनी आळीपाळीने करावे.

नाले सकाळी लहान असतात, दुपारी मोठे होतात. वर ऊन पडले की बर्फ वितळते आणि ते पाणी रस्त्यावर यायला काही तास लागतात. मनालीची वाट असो की दारचाहून शिंकू ला ओलांडून पदुमकडे जाणारी, नाले शक्यतो अकराच्या आत पार व्हावेत असेच निघावे. पाणी गढूळ असेल तर आधी एकाने चालत जाऊन दगड पाहावेत. पहिला गिअर, स्थिर अ‍ॅक्सिलरेटर, नजर पलीकडच्या काठावर, क्लच दाबायचा नाही. गाडी पाण्यात पडली तर आधी लाल बटण दाबून इंजिन बंद करावे आणि उचलल्यावर लगेच स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढावा, एअर फिल्टर पाहावा, प्लगच्या भोकातून पाणी उडून संपेपर्यंत स्टार्टर फिरवावा. ऑइल चहासारखे दुधाळ दिसले तर ते बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. म्हणून गटात दोन लिटर ऑइल असावे.

जून महिन्यात बर्फाचे पाणी जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलच्या बाजूला पाऊस आणि दरडी. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला, फक्त पहाटे सावलीच्या वळणांवर ओघळ गोठून रस्त्यावर पारदर्शक बर्फ होतो, तेव्हा सातच्या आधी खिंडीत नको. कपड्यांबद्दल एवढेच की जुलैत ताम्हिणीत चार तास भिजून पाहावे. ज्या हातमोज्यातून तिथे पाणी येते त्याने बारालाचावर बोटे बधिर होतात आणि ब्रेक दाबता येत नाही. हातमोज्यांच्या दोन जोड्या हव्यातच.

रेल्वेने गाडी पाठवणाऱ्यांनी टाकी पूर्ण रिकामी करावी, आरसे आणि इंडिकेटर काढून ठेवावेत, गोणपाटाचे वेष्टन समोर उभे राहून करून घ्यावे आणि आरसीची प्रत जवळ बाळगावी. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते, आणि तेही गावांपुरतेच. नकाशे आधी फोनमध्ये उतरवून ठेवावेत, कागदपत्रांच्या छापील प्रती घ्याव्यात. नाक्यावर नेटवर्क नसेल तर फोनमधली कागदपत्रे उघडत नाहीत. परदेशातून कुणी आणून दिलेले सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारी यंत्रे सरकारी परवानगीशिवाय नेणे बेकायदा आहे आणि सीमेलगत तर त्यासाठी अटक होऊ शकते. मनाली किंवा श्रीनगरहून भाड्याने घेतलेल्या गाड्या लेहचे स्थानिक व्यावसायिक नुब्रा-पँगाँगकडे जाऊ देत नाहीत. त्यांच्या वर्षाची कमाई चार महिन्यांत होते, हेही समजून घ्यावे.

शेवटचा मुद्दा चाकांच्या खुणांचा आहे. त्सो कार, हानले, पँगाँग हा चांगथांगचा, म्हणजे उंच, थंड पठाराचा प्रदेश. वर्षाला मोजका पाऊस, उगवायला दोन-तीन महिने. तिथल्या ओल्या कुरणावरून एकदा मोटारसायकल गेली की ती रेघ वर्षानुवर्षे पुसत नाही. याच पाणथळीत काळ्या मानेचा क्रौंच घरटे करतो. २०२१ मध्ये लडाखने त्याला आपला राज्यपक्षी म्हणून जाहीर केले. कियांगच्या, म्हणजे तिथल्या रानगाढवांच्या, कळपामागे गाडी पळवून चित्रफीत काढणे हा तर सरळ छळ आहे, विरळ हवेत ते जनावर जिवाच्या आकांताने धावत असते. तळ्याकाठी जायचे तर रस्त्यावर गाडी लावून चालत जावे. हानलेला रात्रीचे आकाश काळे राखण्यासाठी राखीव क्षेत्र केले आहे, तिथे अंधार पडल्यावर जादा दिवे लावून फिरू नये.

आपणास विनंती अशी की येत्या मोसमात लडाख सहलीची जाहिरात घेताना आयोजकांकडून प्रत्येक मुक्कामाची मीटरमधली उंची मागावी आणि किलोमीटरच्या शेजारी ती छापावी. केलाँग ३,०८०, सरचू ४,२९०, लेह ३,५००, एवढेच. घरचे लोक कार्यक्रमपत्रक वाचतातच. ३,०८० च्या खाली ४,२९० दिसले की आयोजकाला फोन करून कारण विचारतील.

आपला,
एक वाचक, पुणे